पाहिले तेच लिहावे



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून प्रमुख पाहुण्याने विद्यार्थ्यांना व्यवसायाची दिशा दाखवावी असा प्रघात आहे, आणि सोनोग्राफी तंत्रज्ञ कसे व्हावे हे सांगण्यासाठीच बुलडाणा जिल्ह्यातील या महाविद्यालयाने आपल्या एका माजी विद्यार्थ्याला अगत्याने बोलावले आहे. परंतु त्या वाटेवरचे पहिले पाऊल ज्या वास्तूत पडले, तिच्याच अंगणात उभे राहिल्यावर आधी तिचे ऋण मान्य करणे क्रमप्राप्त ठरते.

हे ऋण मुख्यतः भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे आहे. अनुनाद नलिका, म्हणजे पाण्याची पातळी खालीवर करून जिच्यातील हवेच्या स्तंभाची लांबी बदलता येते अशी उभी नळी, तिच्या तोंडाशी कंप पावणारा नादकाटा धरून पाणी हळूहळू उतरवले, की ठरावीक लांबीला आवाज एकाएकी भरून येतो आणि त्या लांबीवरून ध्वनीचा वेग काढता येतो. डिसेंबरच्या गारठ्यात एका सकाळी प्रस्तुत वक्त्याचे उत्तर मार्गदर्शिकेतल्या उत्तराहून कमी आले, तेव्हा त्याने निरीक्षण तक्त्यातले पेन्सिलीचे आकडे पुसून उत्तर जुळवून घेतले. सरांनी कागदावरचा तो पुसट डाग पाहिला, रागावले नाहीत, मात्र तापमान एक अंशाने उतरले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने उतरतो हे फळ्यावर मांडून दाखवले, म्हणजेच चुकीचे समजून पुसलेले आकडेच त्या थंड सकाळी बरोबर होते. प्रयोग पुन्हा झाला, त्यासाठी प्रयोगशाळेचे मामा कुलूप हातात घेऊन तासभर दाराशी थांबले, आणि या खेपेला निरीक्षणे शाईने लिहिली गेली. त्या तासाने दिलेले सूत्र एवढेच आहे, की जे पाहिले तेच, पाहिले त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने लिहावे.

सोनोग्राफी हा त्याच नलिकेचा पुढचा धडा होय. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असून, तिच्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले, की काही स्फटिकांवर दाब दिल्यास वीज निर्माण होते; याच्या उलट, विजेने असे पदार्थ कंप पावतात, आणि या दोन्ही गुणांच्या बळावर प्रोब, म्हणजे रुग्णाच्या अंगावर फिरवायचे उपकरण, ध्वनी सोडते व त्याचा प्रतिध्वनी टिपते. शरीराच्या मऊ भागात ध्वनी सेकंदाला १,५४० मीटर वेगाने जातो असे यंत्र धरून चालते, त्यामुळे एक सेंटीमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सुमारे १३ मायक्रोसेकंदांत परत येतो आणि त्या वेळेवरून पडद्यावर चित्र उमटते.

व्यवसायाविषयी मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ब्रिटन-अमेरिकेत प्रशिक्षित तंत्रज्ञ स्वतः तपासणी करतो. भारतात पीसीपीएनडीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार गर्भवतीची सोनोग्राफी विहित पात्रता असलेल्या डॉक्टरनेच करावयाची असते. म्हणून बारावी विज्ञाननंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम, म्हणजे तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, पूर्ण करणारा विद्यार्थी एक्स-रे, सीटी आणि एमआरआय यंत्रांवर स्वतः काम करतो, तर सोनोग्राफी कक्षात रुग्णाची तयारी, यंत्राची निगा आणि नोंदी यांना हातभार लावतो. थंडीत जेलची बाटली कोमट करून ठेवणे आणि तपासणी संपताच, बाईने उठण्याआधी, तिच्या हाती पुसायला कागद देणे, यातूनही त्याचे शिक्षण दिसते.

तथापि या सर्वांत मोठे काम नोंदीचे आहे. प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ फॉर्म भरला जातो. त्यात तिचे नाव, वय, हयात मुले-मुली आणि तपासणीचे कारण येते, शिवाय गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे तिचे प्रतिज्ञापत्र सही किंवा अंगठ्यासह घेतले जाते. या फॉर्ममधील त्रुटी केवळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. तरीही सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्म झाला त्याच या जिल्ह्यात, शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९०८ वरून २०११ मध्ये ८५५ वर आली, आणि २०१५ च्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलडाण्याचे नाव घालावे लागले. दर १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीदिनी, त्यांच्या जन्मस्थानी राजवाड्यासमोर नतमस्तक होणाऱ्या जिल्ह्याला हा आकडा शोभणारा नाही. खोटी नोंद ही गर्भलिंगनिदानाच्या अपराधाची पहिली पायरी असते, म्हणून पुन्हा तेच सांगणे आहे, की जे पाहिले तेच लिहावे.

आज पहिल्या रांगेत मुलींसोबत त्यांच्या आया आणि आज्याही बसल्या आहेत. सून तपासणीहून परतली की तिला काय आहे असे विचारू नये, बाळाची वाढ नीट आहे का एवढेच विचारावे, ही त्यांना हात जोडून विनंती आहे. आणि समोरच्या मुलींपैकी काहींनी तरी उद्या या तपासणी कक्षांतील काम हाती घ्यावे, कारण तिथे येणाऱ्या बाईला बाईचा हात धीर देतो.

शेवटी प्राध्यापकांकडे एक मागणे आहे. प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना उत्तर चुकले म्हणून गुण कापले जाऊ नयेत. निरीक्षण खोडून बदललेले असेल, तर मात्र ते अवश्य कापावेत, आणि प्रयोग पुन्हा करू द्यावा.