बर्गेनची गाडी लुटली!



येत्या मोसमातल्या रहस्यकादंबऱ्यांवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं. नावांची यादी तुम्हाला कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळेल. मला कुतूहल वेगळंच आहे. आंब्याला मोसम असतो. रहस्यकादंबरीला तो कुठून आला?

नॉर्वेत तो ईस्टरला येतो, आणि त्याची सुरुवात तारखेनिशी सांगता येते. शनिवार, २४ मार्च १९२३. ‘आफ्तेनपोस्तेन’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर ठळक मथळा होता : बर्गेनची गाडी रात्री लुटली! राजधानी ते बर्गेन हा रेल्वेमार्ग १९०९मध्ये पूर्ण झाला होता. तो उंच, बर्फाळ पठारावरून जातो. वाटेतलं फिन्से स्थानक १२२२ मीटरवर आहे. ईस्टरची सुटी तोंडावर आलेली, त्यामुळे याच गाडीने माणसं डोंगरात निघालेली. घरी राहिलेल्यांची गाळण उडाली. मथळ्याजवळचा बारीक मजकूर धीराने वाचला असता, तर ही एका कादंबरीची जाहिरात आहे हे कळलं असतं. पण अशा वेळी बारीक अक्षर वाचतो कोण?

कादंबरी लिहिली होती नूरदाल ग्रीग आणि निल्स ली या दोन तरुणांनी, ‘योनाथन येर्व’ या टोपणनावाने. दोघं विद्यार्थी, खिसे रिकामे. प्रकाशनसंस्थेत नूरदालचा थोरला भाऊ हॅराल्ड मोठ्या जागेवर होता, तेव्हा जाहिरातीची मसलत घरातल्या घरातच झाली म्हणायची. पुस्तक धडाक्याने खपलं. १९२८मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. साहित्य म्हणून ही कादंबरी काही थोर नव्हे. नूरदाल पुढे मोठा कवी-नाटककार झाला आणि १९४३मध्ये युद्धवार्ताहर म्हणून बॉम्बफेकी विमानातून बर्लिनवर गेला असताना मारला गेला. त्याचं नाव त्याच्या कविता-नाटकांसाठी घेतात. तरी दरवर्षी सगळा देश जे पाळतो, ते त्या पोरवयातल्या उद्योगामुळे!

अर्थात नुसत्या जाहिरातीने शंभर वर्षं रीत टिकत नाही. तिथे ईस्टरला गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार सुटी असते, दुकानं बंद असतात. माणसं डोंगरातल्या लाकडी घरात जातात. दिवसभर स्कीइंग, संध्याकाळी शेकोटी आणि हातात पुस्तक. बाहेर बर्फ, शेजारी कोणी नाही. खुनाच्या गोष्टीला याहून चांगली बैठक कुठली? म्हणून प्रकाशक आधीच नव्या कादंबऱ्या बाजारात आणतात, रेडिओ-टीव्हीवर गुन्हेकथा लागतात, आणि दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छोट्या रहस्यकथा छापतात. सकाळी दूध ओतता ओतता गुन्हेगार शोधायचा!

या हंगामाच्या जिवावर तिथे लेखकांची फळी उभी राहिली. गुन्नार स्तोलेसेनचा खासगी हेर वार्ग वेउम बर्गेनच्याच गल्ल्यांतून फिरतो. योर्न लिएर होर्स्ट स्वतः पोलीस तपास अधिकारी होता, म्हणून त्याच्या विस्टिंग या तपास अधिकाऱ्याच्या कथांत कागदपत्रांचा कंटाळासुद्धा खरा वाटतो. मला त्यांच्यातल्याच नेस्ब्यो या लेखकाच्या रक्तपातापेक्षा हा कंटाळा जास्त खिळवतो. ज्याची त्याची आवड.

आपल्याकडे मोसम नाही असं नाही. दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे, ‘धनंजय’सारखा अंक तर रहस्य आणि भयकथांसाठीच अनेक जण घेतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार या नायकाला मात्र सणाची गरजच नव्हती, वाचनालयात तो बारमाही हिंडत असे. उणीव आहे ती पुस्तक येण्याआधीच्या खेळाची. आमचे प्रकाशक मलपृष्ठावर छापतात : ‘शेवटच्या पानावर जबरदस्त धक्का!’ अहो, सांगून दिलेला धक्का कसला? वाचक पहिल्या पानापासून सावरून बसतो. त्या दोन पोरांनी कसलंच आश्वासन दिलं नव्हतं. गाडी लुटली, एवढंच छापलं.

तेव्हा यंदा नवी रहस्यकादंबरी हाती आली, की माझं ऐका : मलपृष्ठ वाचू नका.