अक्षरापूर्वी ध्वनी



पनवेलच्या पश्चिमेस, उरणच्या किनाऱ्यावर मोरा हे जुने बंदर आहे. या परिसरातील आगरी-कोळी घरांत ‘पाणी’ हे ‘पानी’, ‘डोळा’ हा ‘डोला’ आणि ‘होडी’ ही ‘होरी’ असते. अशा घरातले चार वर्षांचे बालक बालवाडीत येते, तेव्हा त्याच्या कानांत एक मराठी असते आणि भिंतीवरील तक्त्यावर दुसरी. अक्षरओळखीचा आरंभ करताना या अंतराचा विचार प्रथम व्हावयास हवा.

पुष्कळ ठिकाणी हा आरंभ मुळाक्षरे घोकण्याने व गिरवण्याने होतो. वस्तुतः अक्षर ही ध्वनीची खूण होय. जो ध्वनी मुलाला शब्दातून वेगळा ऐकू येत नाही, त्याची खूण त्याला केवळ रेघोट्याच वाटणार. म्हणून पहिले काही आठवडे पाटी बाजूला ठेवून कान तयार करावेत. प, ब, म हे ध्वनी ओठांवर उमटतात व मुलांना डोळ्यांनी दिसतात. त्यांपासून आरंभ सोयीचा पडतो. मका, मगर, मडके हे शब्द सावकाश उच्चारावेत आणि आरंभी काय ऐकू आले, ते मुलांनीच सांगावे. त्यानंतर मासा, मीठ, मुंगी हे शब्द घ्यावेत. ओठ तसेच मिटतात, पुढचा स्वर मात्र बदलतो, हे मुलांच्या ध्यानी येते. काना-मात्रेची पूर्वतयारी येथेच होते.

मराठीत अक्षराचे नाव व त्याचा ध्वनी बहुधा एकच असतो, ही मोठी सोय आहे. तथापि अपवादही आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च एकसारखा नाही. ण आणि ळ यांनी तर मराठी शब्दाचा आरंभच होत नाही. ते बाण, बाळ अशा शब्दांच्या मध्यात वा शेवटी ऐकवावे लागतात. नेमके हेच दोन ध्वनी मोऱ्याच्या मुलाच्या घरच्या बोलीत न आणि ल होतात.

येथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी ‘चूक’ म्हटले, तर ते ण शिकत नाही. ते बोलणेच थांबवते. त्याने ‘पानी’त न ऐकला, हे त्याच्या कानाचे यश आहे. ते मान्य करून मग पुस्तकातील ‘पाणी’ ऐकवावे. न म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ण म्हणताना मागे वळून टाळूला लागते, हे करून दाखवावे. मन-मण, वेल-वेळ अशा जोड्यांचा खेळ घ्यावा. घरचा शब्द खोडला जाऊ नये. त्याच्या शेजारी दुसरा शब्द यावा.

या विचाराला महाराष्ट्रात परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या कल्पनेतून अंगणवाडी साकारली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे.

पंचायतींनी यात आपला वाटा उचलावा. भिंती रंगवताना बोंबील, बांगडा, जाळे, मिठागर ही मुलांच्या ओळखीची चित्रे काढून घ्यावीत. गावातील आजीबाईंना गोष्टी सांगण्यास बोलवावे. शाळा अंगणापर्यंत पोहोचली आहे. आता तिने अंगणातील बोलीही ऐकावी. तसे झाले, तर मोऱ्याचे बालक पहिले अक्षर भीतीने नव्हे, ओळखीने वाचील.