रक्तगटाची साक्ष

मूल आईवर गेले की बापावर, हा प्रश्न प्रत्येक घरी बारशाच्या दिवशीच निघतो. नाक आजोबांचे, कपाळ मामाचे, असा निवाडा वडीलधाऱ्या बायका पाळण्यापाशीच देऊन मोकळ्या होतात. तो चुकला तरी कोणाचे काही बिघडत नाही. रक्त तपासल्याचा कागद घरात आला म्हणजे मात्र हाच प्रश्न निराळे रूप धारण करतो. कागदावर शिक्का असतो, सही असते. त्याची साक्ष खोटी कशी म्हणावी? तथापि साक्ष खरी असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला जाणे शक्य आहे, आणि त्या चुकीचे माप बहुधा घरातील सुनेच्या पदरात पडते.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने व्हिएन्ना येथे लावला. त्याचा निबंध १९०१ साली प्रसिद्ध झाला. हे गट पिढीजात कसे चालतात याचा नियम फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने १९२४ साली बसवून दाखविला. नियम सोपा आहे. ए, बी आणि ओ असे तीन अंश असून प्रत्येक मनुष्याला त्यांपैकी एक आईकडून व एक बापाकडून मिळतो. ए व बी हे प्रकट होणारे, तर ओ हा मुका. एकाकडून ए व दुसऱ्याकडून ओ मिळाला, तर गट ए दिसतो. ओ आत दडून राहतो. म्हणूनच ए गटाचा बाप व बी गटाची आई यांच्या पोटी ओ गटाचे मूल येऊ शकते. दोघांनीही दडलेला ओ दिला, एवढाच त्याचा अर्थ. यात नवल नाही आणि संशयाला जागाही नाही.

आता दुसरे उदाहरण कल्पावे. बाप एबी गटाचा, आई ओ गटाची. बापापाशी ओ नाहीच. तेव्हा मूल एकतर ए किंवा बी गटाचे असले पाहिजे. असे असता मुलाच्या कागदावर ओ आला तर? नियमाकडे बोट दाखवून कोणीही म्हणेल की, हे मूल या बापाचे नव्हे. येथेच थांबावयास हवे. कारण या नियमाला एक अपवाद आहे, आणि त्याचे नावच मुंबईवरून पडले आहे.

परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना असे रक्त आढळले की, त्याच्या पेशी ओ गटासारख्या वागत, परंतु त्याचा द्रव ओ गटाच्या पेशींनाही गोठळ्यात बांधी. लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञांच्या साहाय्याने या रक्ताची छाननी झाली आणि १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचा वृत्तान्त आला. तोच हा बॉम्बे रक्तगट.

याचे मर्म घरगुती दृष्टान्ताने कळेल. ए व बी ही पागोटी मानली, तर ती अडकविण्यास भिंतीत खुंटी हवी. रक्तपेशीवरील ही खुंटी म्हणजे एच नावाचा पदार्थ. ओ गटात खुंटी असते, पागोटे नसते. बॉम्बे गटात खुंटीच नसते. मग घरात पागोटे असूनही ते भिंतीवर कोठून दिसणार? पागोट्याचा वारसा नवव्या गुणसूत्रावरून येतो, खुंटीचा एकोणिसाव्या. दोन्ही वारसे स्वतंत्रपणे चालतात. आई व बाप दोघांकडूनही खुंटीचा सदोष अंश आला, तरच ती नाहीशी होते. एकाकडून आला तर मनुष्य निव्वळ वाहक राहतो व त्याला त्याचा पत्ताही नसतो. एबी बापाच्या मुलाला ए किंवा बी मिळालेला असतो. तो प्रकट होत नाही, इतकेच. उलट, असा दडलेला अंश पुढच्या पिढीत, खुंटी मिळताच, पुन्हा प्रकट होतो. ओ वाटणाऱ्या आईने मुलांना बी दिल्याचा दाखला १९५५ साली अमेरिकेत नोंदविला गेला.

सातारा व सांगलीच्या कुटुंबांना हा विषय विशेष जवळचा आहे. १९५२ साली आजचा सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ या नावाने ओळखला जाई. १९६० साली त्याचे नाव बदलले. जिल्ह्यांची वाटणी झाली, पण कृष्णाकाठच्या सोयरिकी अखंड राहिल्या. महाराष्ट्रात बॉम्बे गटाची कुटुंबे आढळली ती बहुतांशी दक्षिणेकडील याच पट्ट्यात. मामाची मुलगी करण्याची चालही येथे जुनी आहे. या चालीने दोष उत्पन्न होत नाही. परंतु विखुरलेले दोन अंश एका घरात येण्याची वाट मात्र सोपी होते.

हिशेब करून पाहावा. कऱ्हाडकडील एखाद्या आजीपाशी हा सदोष अंश आहे, असे समजू. तिच्या मुलाकडे व मुलीकडे तो जाण्याचा संभव प्रत्येकी निम्मा. नातवंडांकडे एक चतुर्थांश. मुलीच्या मुलाने मामाची मुलगी केली, तर दोघांपाशीही तो असण्याचा संभव सोळांत एक आणि त्यांच्या अपत्याला बॉम्बे गट लाभण्याचा चौसष्टांत एक. भारतात या गटाचे प्रमाण साधारणतः दहा हजारांत एक मानतात. त्या मानाने पाहता, याच नातवाने नात्याबाहेरची मुलगी केली असती, तर हा संभव सुमारे आठशेंत एक राहिला असता.

हा केवळ कुतूहलाचा भाग नव्हे. बॉम्बे गटाच्या मनुष्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही. ते चढविल्यास प्राणावर बेतते. त्याला त्याच गटाचे रक्त हवे. सुदैवाने ओळख कठीण नाही. पेशींबरोबर रक्तातील द्रवाचीही तपासणी केली आणि तो ओ गटाच्या पेशींशी पडताळून पाहिला, म्हणजे संशय येतोच. पुढे एच पदार्थाची कसोटी निर्णय देते. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक भावंडाचा गट असाच असण्याचा संभव चारांत एक. तेव्हा कुटुंबात एक जण सापडला, की पहिली तपासणी सख्ख्या भावंडांची करावी. अडचणीच्या वेळी रक्त बहुधा तेथेच मिळते.

तात्पर्य इतकेच की, मुलाचा गट घराण्याशी जुळत नसला, तर प्रथम कागद तपासावा, मग रक्त पुन्हा तपासावे, आणि एचची कसोटी लावावी. ज्या सुनेकडे बोट दाखविण्यास घर निघाले, तिचे निरपराधित्व त्याच थेंबात असू शकते. साक्षीदार खोटा नव्हता; त्याला पुरते प्रश्न विचारले गेले नव्हते, एवढेच.