पापणीवरची प्रत्येक गाठ रांजणवाडी नसते

पापणीवर गाठ आली की घरात निदान ठरलेलं असतं: रांजणवाडी. मग गरम शेक. आणि बऱ्याचदा तेवढ्यानं भागतंही. रांजणवाडी दुखते, लाल होते, काही दिवसांत उतरते. तेलग्रंथी तुंबून होणारी, सहसा न दुखणारी गाठ म्हणजे कॅलेझियन. तीही बऱ्याचदा शेकून हळूहळू बसते.

पण महिने गेले, गाठ तिथंच आहे आणि खड्यासारखी टणक लागतेय, तर? ती पायलोमॅट्रिक्सोमा असू शकते. नाव अवघड आहे, पण गाठ साधी आहे, म्हणजे कॅन्सर नाही. केस तयार करणाऱ्या मुळाशी असलेल्या पेशींपासून ती होते. पापणीवर क्वचितच दिसते, आणि जास्त करून लहान आणि तरुण वयात.

गंमत बघा, १८८० मध्ये मालेर्ब आणि शेनांते यांनी तिचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही ती तेलग्रंथीचीच वाटली होती. केसाच्या मुळाशी तिचं नातं जोडणारं आजचं नाव मिळालं १९६१ मध्ये!

मग ओळखायची कशी? कॅलेझियन पापणीच्या आतल्या कडक पट्टीला धरून असते, वरची कातडी तिच्यावरून सरकते. पायलोमॅट्रिक्सोमा उलट कातडीला चिकटते आणि खालून मोकळी हलते. कधी निळसर-लाल दिसते. पण हा झाला अंदाज. पक्कं निदान बायोप्सीचंच. मायक्रोस्कोपखाली ‘घोस्ट सेल्स’ दिसतात: पेशीची बाह्यरेषा शिल्लक, मधलं केंद्रक गायब. बऱ्याचदा कॅल्शियमही साठलेलं असतं, म्हणून तो टणकपणा.

गाठ पूर्ण काढली की ती सहसा परत येत नाही.

आता मुद्द्याचं. तेलग्रंथीचा कॅन्सरही सुरुवातीला अगदी कॅलेझियनसारखा दिसू शकतो, विशेषतः वयस्कर लोकांत. त्यामुळे आजी-आजोबांच्या पापणीवर त्याच जागी गाठ परत आली, किंवा तिथल्या पापणीचे केस गळायला लागले, तर शेकत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणि कुणाचीही अशी न बसणारी किंवा परत आलेली गाठ काढणार असतील, तर एक प्रश्न नक्की विचारा: “डॉक्टर, तुकडा तपासायला पाठवणार ना?” रिपोर्ट आला की फोटो काढून जपून ठेवा. भेटू पुढच्या भागात!