झेंडूचे नाव



दसऱ्याच्या आदल्या रात्री दादर पश्चिमेचा फूलबाजार झोपत नाही. स्थानकाबाहेर केशरी-पिवळ्या राशी लागतात आणि दिवस उजाडेपर्यंत ते फूल गिरगाव, परळ, लालबागच्या दारादारांवर पोहोचते. त्याला झेंडू का म्हणावे?

भगव्या रंगामुळे अनेकांना ‘झेंडा’ आठवतो. ही व्युत्पत्ती आपल्या मनाला गोड वाटते. पण गोड वाटणे हा पुरावा नव्हे. झेंडू पिवळाही तितकाच फुलतो. त्यापेक्षा शेजारच्या भाषांकडे पाहावे. कन्नडमध्ये हे ‘चेंडु हूवु’, म्हणजे सरळच चेंडूचे फूल. तेलुगूत ‘बंति पुव्वु’. बंति म्हणजेही चेंडूच. हिंदीतील ‘गेंदा’ हा ‘गेंद’चा सोदर, आणि संस्कृतात चेंडूला ‘गेंदुक’ शब्द आहे. तेव्हा मराठी झेंडू हाही चेंडूचाच भाऊ असावा, हा तर्क अधिक सयुक्तिक ठरतो. भाषा निराळ्या, लिपी निराळ्या. परंतु काशीच्या, गुंटूरच्या आणि साताऱ्याच्या माळ्याला या फुलात एकच वस्तू दिसली.

फूल मात्र मूळचे इथले नव्हे. त्याचे माहेर मेक्सिको. तेथील नाहुआत्ल भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस-फूल’. ते लोक विसांच्या पटीत मोजत. वीस पाकळ्या म्हणजे पुष्कळ पाकळ्या. आजही तेथे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांना घरची वाट दिसावी म्हणून याच पाकळ्या अंथरतात. युरोपीय जहाजे अमेरिकेला पोहोचल्यानंतरच ते इकडे आले. कालिदासाच्या काव्यात ते नाही, याचे कारण हेच. इंग्रजांनी त्याला ‘मेरीचे सोने’ हे आपल्याकडील एका जुन्या फुलाचे नाव चिकटवले. वर एका जातीला आफ्रिकन, दुसरीला फ्रेंच म्हटले. दोन्ही मेक्सिकोच्याच!

मग स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याने झेंडूचे तोरण उतरवावे काय? प्रश्न बहुधा थट्टेने विचारला जातो, पण तो टाळू नये. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या, १९८२च्या संपापूर्वीच्या त्या काळात, खंडेनवमीला कामगार आपला साचा पुसून लख्ख करीत, हळदकुंकू वाहत, नारळ फोडत आणि झेंडूची माळ चढवीत. त्यांतील कित्येक यंत्रे लँकेशायरहून आलेली होती. माळ घालताना यंत्राचे गाव कुणी विचारले नाही, आणि फुलाचेही नाही.