दारातल्या मोटारीतली वीज

सावर्डे-चिपळूण पट्ट्यात पावसाळ्यात लाइट जाण्याचे कुणाला नवल वाटत नाही. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडची अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा ‘सुखरूप आहोत’ एवढे फोनवर कळवणेही अनेकांना जमेना. म्हणून मला आग्रहाने सांगायचे आहे, की विजेवरच्या मोटारीकडे आपण घराचा आपत्कालीन वीजसाठा म्हणूनही पाहायला हवे.

हिशेब सोपा आहे. घरातल्या इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम पावणेदोन युनिट वीज मावते. २०२३ च्या नेक्सॉन ईव्ही या विजेवरच्या मोटारीच्या मोठ्या बॅटरीत मावते सुमारे चाळीस युनिट. दवाखाना गाठण्यापुरती वीज राखून ठेवली, तरी पंचवीस-सव्वीस युनिट घरासाठी उरतात. फ्रिज, तीन पंखे, दिवे आणि मोबाइल यांना दिवसाला चारेक युनिट धरली, तर सहा दिवस निघतात. २०२३ च्या नेक्सॉनपासून अशी वीज बाहेर घेण्याची सोय गाडीतच मिळू लागली. आयोनिक ५ या गाडीतही ती आहे. जपानमध्ये २०१९ च्या वादळानंतर चिबा भागात विजेच्या गाड्यांनी हेच काम केले.

यावर पहिली शंका येते ती बॅटरी झिजण्याची. गाडी घाट चढताना कित्येक किलोवॅट खेचते. पंखे-दिव्यांचा भार त्यापुढे किरकोळ आहे. विहिरीच्या पंपाबाबत मात्र सावध राहावे, कारण सुरू होताना तो नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. खरा धोका वेगळाच आहे. गाडीची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी खुपसली, तर वीज बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे उपकरणे थेट एक्स्टेन्शन बोर्डावर लावावीत, नाहीतर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. गाडी महाग आहे आणि ती थोड्यांकडेच आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण वाडीत अशी एक गाडी असली, तरी सगळ्यांचे मोबाइल चार्ज होतील, कुणाचे इन्शुलिन थंड राहील.

तेव्हा गाडी घेताना किती किलोमीटर धावते याबरोबर बाहेर किती वीज देते, हेही विचारा. आणि वादळाचा इशारा आला, की ती पूर्ण चार्ज करून उंचावर लावा.