एका तारखेचा धडा



शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्याची प्रथा चांगली आहे. परंतु त्यात राष्ट्राबरोबर परिसरालाही स्थान हवे.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले. त्याच दिवशी महात्मा गांधींच्या असहकार चळवळीस प्रारंभ झाला. आणि त्याच दिवशी, तेव्हाच्या सातारा व आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मले. पहिल्या दोन घटना देशभर गाजल्या. तिसरीची दखल गावाबाहेर कोण घेणार? दारिद्र्य व अस्पृश्यता यांमुळे त्यांना शाळा फार दिवस लाभली नाही. तरीही त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

हा तारखांचा मेळ निव्वळ योगायोग होय, हे मुलांना सांगावे. २६ जानेवारीचे तसे नाही. १९३० च्या स्वातंत्र्यदिनाचे स्मरण राहावे म्हणून १९५० साली तीच तारीख योजण्यात आली. योगायोग व योजना यांतील भेद ओळखणे, ही इतिहासाध्ययनाची पहिली पायरी होय.

१ ऑगस्टला शिक्षकाने हजेरीपटही पाहावा व सतत गैरहजर मुलाचे घर गाठावे. शाळेला दुरावलेले प्रत्येक मूल अण्णा भाऊंप्रमाणे स्वबळावर उभे राहतेच असे नाही.